रहीम खानखाना : दोन ओळींचा कवी आणि आपला कुंडी भंडारा

 

आपल्या पत्रात आम्ही बहुतेक वेळा संतांची चरित्रे घेतो. या वेळचा माणूस संत नव्हता. तो सेनापती होता, दरबारी होता, अफाट श्रीमंत होता आणि आयुष्यातली पुष्कळ वर्षे त्याने लढाया केल्या. तरीही त्याचे नाव आपण कबीर, तुलसीदास यांच्या बरोबरीने घेतो, आणि तो आपल्या गावात राहून गेला आहे. हा माणूस म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजेच आपला रहीम.

बुऱ्हाणपुरात शिकलेल्या प्रत्येकाने शाळेत रहीमचे दोहे पाठ केलेले असतात. नाशिक, पुणे, मुंबईकडच्या आपल्या मंडळींनाही हिंदीच्या पुस्तकातून त्याची ओळख असते. पण लालबागेतला कुंडी भंडारा याच रहीमच्या कारकिर्दीत खोदला गेला, हे आपल्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसते. दोहा लिहिणारा हात आणि जमिनीखालचे पाणी गावात आणवणारा अधिकार एकाच माणसाचा होता, हे कळल्यावर त्याचे चरित्र वेगळ्या नजरेने वाचावेसे वाटते.

साधे राहा, साधे करा, असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. ऐकायला सोपं आहे. पण साधेपण म्हणजे नक्की काय? सामान कमी करणे, की बोलणे कमी करणे, की भानगडीत न पडणे? रहीमच्या आयुष्यात भानगडींना तोटा नव्हता. तरी त्याच्या हातून दोन अतिशय साध्या गोष्टी घडल्या. कशा, ते बघू या.

*पोरकेपण*

रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६ चा, लाहोरचा. वडील बैरामखान म्हणजे लहानग्या अकबराचे पालक आणि राज्याचे खरे कर्तेधर्ते. आई मेवातच्या घराण्यातली. म्हणजे घरात तुर्की-फारसी बोलणारा बाप आणि इथल्या मातीतली आई, असा दोन्हींचा वारसा मुलाला मिळाला.

पुढे बैरामखानावर अकबराची मर्जी राहिली नाही. त्याला मक्केच्या यात्रेला जायला सांगण्यात आले. वाटेत गुजरातेत पाटण इथे जानेवारी १५६१ मध्ये त्याचा खून झाला. रहीम तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. कालपर्यंत ज्या घराच्या शब्दावर राज्य चालत होते, त्या घरातले हे पोर आता दुसऱ्याच्या दयेवर आले.

अकबराने त्याला दरबारात आणवले आणि स्वतःच्या देखरेखीखाली वाढवले. तिथे तो फारसी, तुर्की, अरबी शिकला. संस्कृत आणि ब्रज शिकला. तलवार तर शिकलाच. मोठा झाल्यावर त्याचे लग्न माहबानूशी झाले. ती अकबराच्या दूधभावाची, मिर्झा अजीज कोका याची बहीण. दरबाराशी नाते आता दुहेरी झाले. लहानपणीच सगळे गमावलेल्या मुलाला सगळे परत मिळाले, पण ते बादशहाच्या मर्जीवर टिकणारे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*सेनापती*

१५८४ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ सरखेजला रहीमने गुजरातच्या मुजफ्फर शहाचा पराभव केला. वय सत्तावीस. फौज शत्रूपेक्षा लहान होती आणि मदत येईपर्यंत थांबावे असे अनेकांचे मत होते, तरी तो लढला. त्यानंतर त्याला खानखाना हा किताब मिळाला. हाच किताब पूर्वी त्याच्या वडिलांचा होता.

या लढाईबद्दल एक गोष्ट सांगतात. जिंकल्यावर रहीमने जवळ होते नव्हते ते सगळे शिपायांना वाटून टाकले. सर्वांत शेवटी एक शिपाई आला आणि आपल्याला काहीच मिळाले नाही म्हणाला. रहीमपुढे तेव्हा फक्त त्याचे कलमदान उरले होते. ते त्याने उचलून त्या शिपायाला दिले.

त्याच्या दानाच्या अशा कितीतरी कथा आहेत. देताना तो नजर खाली ठेवत असे, घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसे, असेही सांगतात. देणारा वरचा आहे आणि लोक उगाच आपल्याला मोठेपणा देतात, याची त्याला लाज वाटे म्हणे. कथा जशी सांगितली जाते तशीच घडली असेल की नाही, यावर आम्ही वाद घालणार नाही. पण चारशे वर्षे लोकांनी एका श्रीमंत सरदाराची आठवण त्याच्या खाली झुकलेल्या नजरेसाठी ठेवली, हे खरे आहे.

लढायांच्या मधल्या वेळेत त्याने बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणले आणि १५८९ साली अकबराला सादर केले. त्याच्या पदरी कवी होते, चित्रकार होते, मोठे ग्रंथालय होते. रामायणाची एक सचित्र फारसी प्रत त्याने स्वतःसाठी तयार करवून घेतली. ती आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. शहजादा सलीमचा शिक्षक-पालक म्हणूनही अकबराने त्याला नेमले होते. हाच सलीम पुढे जहांगीर बादशहा झाला.

मग दख्खनची मोहीम आली. अहमदनगरला चांदबिबीने लढवलेल्या किल्ल्याला पडलेल्या वेढ्यात तो होता. १५९७ साली गोदावरीच्या खोऱ्यात सोनपेठजवळ त्याने विजापूरच्या सुहेलखानाच्या फौजेला हरवले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, आणि बुऱ्हाणपूर मोगलांचे दख्खनमधले मुख्य ठाणे बनले. रहीमचे बरेचसे आयुष्य यापुढे तापीच्या काठी गेले.

*दोन ओळी*

आता त्याच्या दोह्याकडे बघू.

दोहा म्हणजे दोन ओळी. प्रत्येक ओळीत २४ मात्रा. १३ वर थांबायचे, मग ११. संपले. एवढ्याशा जागेत सांगायचे ते सांगावे लागते. रहीमने बरवै नावाचा छंदही वापरला. त्यात तर ओळीला १९ च मात्रा असतात.

एवढ्या भाषा येणारा, फारसीतले अलंकार कोळून प्यायलेला माणूस दोह्यात काय ठेवतो? सुई, धागा, केळ, बोर, पाणी. केळीचा आणि बोरीचा शेजार कसा निभायचा, हे तो सांगतो तेव्हा बुऱ्हाणपूरच्या केळीच्या बागाइतदाराला समजावून सांगायची गरज पडत नाही. पाण्यावरचा त्याचा दोहा तर सगळ्यांना पाठ आहे. त्यात पाणी हा एकच शब्द मोत्यासाठी तेज होतो, माणसासाठी अब्रू होतो आणि पिठासाठी साधे पाणी होतो. एका शब्दाला तीन अर्थांचे ओझे दिले आहे, आणि तरी तो दोहा सहावीतल्या पोराला कळतो.

इथे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. ज्याला थोडेच येते त्याचे बोलणे आपोआप थोडे असते. रहीमला खूप येत होते. त्यातले नव्वद टक्के बाजूला ठेवून धागा आणि सुई उचलायची, तर आधी ते सगळे पचवावे लागते. गुंता त्याने आपल्याकडे ठेवला आणि ऐकणाऱ्याच्या हातात सुटा धागा दिला.

*कुंडी भंडारा*

आता जमिनीखाली जाऊ. बुऱ्हाणपुरात छावणी वाढली, वस्ती वाढली. तापी जवळ असली तरी नदीच्या पाण्यावर अवलंबून राहणे धोक्याचे होते. शत्रूने पाणी नासवले तर काय, ही भीती होती असे सांगतात. मग १६१५ साली, रहीमच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने इथल्या जमिनीची पाहणी केली आणि जलयोजना आखली.

त्याने ओळखले ते असे. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीच्या दिशेने सरकत राहतो. हे पाणी वाटेतच अडवून एका भुयारात घ्यायचे. भुयाराला इतका हलका उतार द्यायचा की पाणी आपल्या पायाने गावाकडे चालत येईल. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने भुयार खरवडते. कमी झाला तर साचते आणि गाळ बसतो. भुयाराच्या वर ठराविक अंतराने उभ्या विहिरी खोदायच्या. त्याच आपल्या कुंड्या. त्यांतून खोदलेली माती वर काढता येते, हवा आत जाते आणि नंतर गाळ काढायला माणूस उतरू शकतो.

शंभराहून जास्त कुंड्या आणि काही किलोमीटरचे भुयार. लिफ्टने उतरायचे तर सुमारे ८० फूट खाली जावे लागते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण, खूनी भंडारा अशी या योजनेतल्या वेगवेगळ्या भागांची नावे आपण ऐकलेलीच आहेत. पाणी जाली करंजमध्ये जमा होई आणि तिथून शहरात वाटले जाई. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. चारशे वर्षांपूर्वी वाहू लागलेले पाणी आजही वाहते आहे. मार्च २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही आला.

गावातल्या बाईला तेव्हा यातले काय दिसत असेल? हौदात पाणी आहे, घागर बुडवायची आणि न्यायची. याहून साधे काय असणार! पण त्या एका घागरीमागे जमिनीचा अभ्यास होता, हलक्या उताराचा हिशोब होता आणि काळोखात वाकून खडक फोडणारे मजूर होते. त्या मजुरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. दोह्याच्या बाबतीत गुंता एकट्या रहीमने पेलला. इथे तो शेकडो जणांनी पेलला. हुकूम आणि पैसा त्याचा, अक्कल तबकुतुल अर्जची, घाम त्यांचा.

*पलीकडचा शत्रू*

महाराष्ट्रातल्या मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. रहीमचा दख्खनमधला सर्वांत कडवा शत्रू होता निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. दोघांच्या फौजा वर्षानुवर्षे एकमेकींशी झुंजत होत्या. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला रहीमच्या थोरल्या मुलाने, शाहनवाजखानाने मलिक अंबरचा पराभव केला.

आणि त्याच काळात मलिक अंबरने आपल्या खडकी गावात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. तीही जमिनीखालचे पाणी अडवून केवळ उताराने गावात आणणारी. ठिकाणे वेगळी, धन्यांचे हाडवैर, पण पाण्यापुढे दोघांना सुचलेले उत्तर एकच. वर रणांगणात काही सुटत नव्हते आणि खाली पाणी बिनबोभाट चालले होते.

*न सुटलेला गुंता*

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, ज्याला इतके साधे सुचले त्याचे आयुष्यही सुखाने गेले असेल. तसे झाले नाही.

१६१९ साली शाहनवाजखान वारला. रोषणगावचा विजयी वीर, पण दारूने त्याचा घात केला. आपल्या उतावळी नदीकाठी जो काळा ताजमहाल म्हणतात, ती त्याचीच कबर. त्याच सुमारास रहीमचा आणखी एक मुलगा, रहमानदाद, तोही गेला. साठी ओलांडलेल्या बापाने पाठोपाठ दोन मुले गमावली.

१६२२ नंतर शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, जहांगीर बादशहाविरुद्ध बंड केले. रहीम मध्ये सापडला. एकीकडे बादशहा, ज्याला त्याने लहानपणी शिकवले होते. दुसरीकडे खुर्रम, ज्याच्याबरोबर तो दख्खनमध्ये राहिला होता. तो आधी खुर्रमच्या बाजूला गेला, मग दोन्हींकडचा विश्वास गमावून बसला. दोन्ही बाजूंनी त्याला कैद भोगावी लागली. १६२५ साली त्याचा मुलगा दाराबखान बादशहाच्या हुकुमावरून मारला गेला आणि त्याचे शिर म्हाताऱ्या बापाकडे पाठवण्यात आले. ते झाकलेल्या ताटात, खरबूज म्हणून पाठवले होते, असे सांगतात.

आम्ही हे लिहिताना थांबलो. मुलांच्या गटात हे पाठवावे का, यावर आमच्यात बोलणे झाले. शेवटी ठेवले, कारण हे वगळले तर रहीमचे चरित्र खोटे होईल. दोह्यातला धागा एकदा तुटला की जोडताना गाठ पडतेच, हे सांगणारा माणूस स्वतः दोन राजनिष्ठांच्या मध्ये ताणला गेला. त्या दोन्ही निष्ठा दुसऱ्याच्या मर्जीवर होत्या. लहानपणी मिळालेल्या आधाराची ही किंमत होती. दोह्यात काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे रहीमच्या हातात होते. दरबारात ते कधीच त्याच्या हातात नव्हते.

पुढे जहांगीरने त्याला माफ केले, किताब परत दिला. पण दिवस थोडेच उरले होते. १६२७ च्या सुमारास, सत्तरीत, तो गेला. दिल्लीत निजामुद्दीनजवळ त्याने पत्नी माहबानूसाठी बांधलेल्या मकबऱ्यातच त्याला ठेवले. अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचा संगमरवर उपटून सफदरजंगच्या मकबऱ्याला नेला गेला. पुष्कळ वर्षे ती इमारत ओकीबोकी उभी होती. अलीकडे, २०२० मध्ये, तिची दुरुस्ती पूर्ण झाली.

दौलत गेली, मुले गेली, कबरीवरचा दगडसुद्धा गेला. दोहे राहिले आणि आपल्या गावातले पाणी राहिले.

*आपण काय घ्यावे*

एक. घरात एखादी गोष्ट साधी वाटत असेल तर ती कुणाच्या जिवावर साधी आहे, ते बघावे. सकाळी डबा तयार असतो, औषधे वेळेवर मिळतात, कुणाचे कधी लग्न आणि कुणाला काय आहेर द्यायचा हे ठरलेले असते. आपल्याला साधे वाटते, कारण आई, आत्या, वहिनी यांपैकी कुणीतरी तो सगळा हिशोब डोक्यात घेऊन फिरते. आपण हौदावर घागर भरणारे आहोत. भुयारात कोण आहे, ते कधीतरी विचारा. थोडे ओझे वाटून घ्या.

दोन. साधी गोष्ट साफ ठेवावी लागते. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात पाण्यातले क्षार भिंतींवर साचतात आणि वाट हळूहळू अरुंद होत जाते. आपल्या नात्यांतही असेच होते. न बोललेले शब्द, जुनी देणीघेणी, कुणाच्या तरी मानपानाचा राग. एका दिवसात काही बंद पडत नाही, पण थर चढत राहतो. कुंड्या त्यासाठीच असतात, मधूनमधून उतरायला.

तीन. जे आपल्या हातात आहे ते तरी सुटसुटीत ठेवू या. मोठा गुंता प्रत्येकाला सुटतोच असे नाही. रहीमलाही सुटला नाही, आणि त्यासाठी त्याला दोष द्यायला आपण कोण? पण इतक्या गुंत्यात राहूनही त्याने लोकांना गुंता वाटला नाही. वाटले ते दोन ओळींत मावणारे आणि घागरीत मावणारे.

चार. आणि हे खास बुऱ्हाणपूरकरांसाठी. डोंगरात मुरलेले पाणीच भंडाऱ्यात येते. वर झाडे तोडली आणि भोवती बोअर खोल खोल नेले, तर खालच्या उताराने काय आणायचे? सुटीत मुलांना घेऊन लालबागेत जा. आत उतरताना चपला-पिशव्या सांभाळा, खाली काही टाकू नका. वर आल्यावर मुलांना विचारा, पंप नसताना पाणी कसे चालते? उत्तर त्यांनाच शोधू द्या.

येत्या रविवारी घरच्या बैठकीत प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची आहे : आपल्या घरातली कुठली सोय आपण गृहीत धरतो, आणि तिच्यामागे कोण राबते. निवडक उत्तरे नावाशिवाय पुढच्या पत्रात देऊ.

पत्र आवडले तर आपल्या कुटुंबगटात पुढे पाठवा. आजी-आजोबांना वाचून दाखवा.

जय गुरुदेव 🙏